घरच्या मोटरसायकलसाठी हत्यारांची पेटी : काय घ्यावे, काय सोडावे

मध्यमवर्गीय घरात मोटरसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सकाळी तिच्यावरून मुले शाळेत जातात, मग अब्बू कामावर जातात, संध्याकाळी तिच्याच हँडलला पिशवी लटकवून भाजी-किराणा घरी येतो. रात्री-अपरात्री कुणाची तब्येत बिघडली तर दवाखान्यात न्यायलाही तीच दारात उभी असते. घरात शेगडीचा बर्नर साफ करायला पिन असते, शिलाई मशीनच्या खणात तेलाची कुपी असते. पण ज्या गाडीवर आपण बायकामुलांना बसवतो, तिच्या टायरमधली हवा मोजण्याचे साधन दहांतल्या एखाद्या घरातही सापडेल की नाही, शंका आहे.

आम्ही पेशाने शिक्षक आहोत, मिस्त्री नाही. आमच्या घरी जिन्याखालच्या जागेत हत्यारांची एक लोखंडी पेटी आहे आणि गाडीची रोजची देखभाल आम्ही घरीच करतो. त्यामुळे शेजारी, सहकारी, कधी जुने विद्यार्थीही एकच प्रश्न घेऊन येतात : "सर, आम्हालाही घरी थोडी हत्यारे ठेवायची आहेत. नेमके काय घ्यावे?" बाजारात गेले की दुकानदार ४६ नगांची चमकदार पेटी पुढे करतो, मोबाइलवर शंभर नगांची पेटी 'सवलतीत' दिसते आणि माणूस गोंधळतो. हा लेख अशा वाचकांसाठी आहे.

आधी काम ठरवा, मग हत्यार

हत्यार विकत घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : घरी आपण कोणती कामे करणार आहोत? याचे उत्तर कागदावर लिहिले की निम्मी खरेदी आपोआप गळून पडते.

घरी करण्यासारखी कामे अशी : टायरची हवा मोजणे व भरणे, चेन स्वच्छ करून तिला तेल देणे आणि तिचा झोल काढणे, इंजिन ऑइलची पातळी पाहणे, स्पार्क प्लग काढून साफ करणे किंवा बदलणे, एअर फिल्टर पाहणे, क्लच आणि ब्रेकचा खेळ नीट करणे, बॅटरीची टर्मिनल साफ करणे, बल्ब किंवा फ्यूज बदलणे, आणि महिन्यातून एकदा सर्व नट-बोल्ट हाताखालून घालणे. हात बसला की ऑइल बदलणेही जमते.

मिस्त्रीकडेच न्यावीत अशी कामे : इंजिन उघडणे, क्लच प्लेट, चाकाचे बेअरिंग, पुढच्या शॉकअपचे सील, आणि डिस्क ब्रेकच्या नळीतली हवा काढणे. एबीएस असलेल्या गाडीच्या ब्रेक यंत्रणेला तर घरी हातच लावू नये. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आणि त्याखालच्या गाड्यांत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आली. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आले. पूर्वी स्क्रू ड्रायव्हर फिरवून 'ट्यूनिंग' व्हायचे, ते या गाड्यांत उरलेले नाही. तिथे बिघाड शोधायला वेगळे यंत्र लागते आणि ते मिस्त्रीकडे किंवा सर्व्हिस सेंटरलाच असते.

गाडी वॉरंटीत असेल तर ठरलेली सर्व्हिस कंपनीच्या केंद्रातच करून घ्यावी. पण हवा, चेन आणि ब्रेकचा खेळ यांना वॉरंटी आड येत नाही. ती नजर पहिल्या दिवसापासून घरचीच हवी.

गाडीची पुस्तिका आणि बोल्टचे माप

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका बहुतेक घरांत कपाटात आरसी बुकाखाली पडलेली असते. ती बाहेर काढावी. टायरची हवा किती, चेनचा झोल किती, ऑइल कोणत्या दर्जाचे व किती, प्लग कोणत्या क्रमांकाचा, हे सगळे तिच्यात लिहिलेले असते. ही पुस्तिका म्हणजे पेटीतले पहिले हत्यार, आणि ते फुकट मिळालेले आहे. हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

त्यानंतर मापाचा विषय. पान्यावर कोरलेला '१०' किंवा '१४' हा आकडा बोल्टच्या डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो, दांड्याची जाडी नव्हे. आपल्याकडच्या अनेक गाड्यांवर जपानी बांधणीचा ठसा आहे. १९८० च्या दशकात हिरो-होंडा, कावासाकी-बजाज, टीव्हीएस-सुझुकी आणि एस्कॉर्ट्स-यामाहा अशा जोड्या जमल्या आणि त्यांच्यासोबत जपानी मापेही आली. म्हणून १०० ते १२५ सीसीच्या साध्या गाडीवर ८, १०, १२, १४, १७ आणि १९ ही मापे पुन्हा पुन्हा भेटतात. उदाहरणार्थ, ८ मिलिमीटर दांड्याच्या बोल्टला जपानी पद्धतीत १२ चे डोके असते, तर युरोपीय पद्धतीत १३ चे.

आता दुकानात मिळणारा आठ पान्यांचा नेहमीचा संच पाहू : ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ आणि २०-२२. म्हणजे सोळा तोंडे. त्यांतली सहा-सात तोंडेच आपल्या गाडीला रोज लागतात. संच घेऊ नये असे नाही; अनेकदा सुट्या पान्यांपेक्षा तो परवडतो. पण 'आठ पाने आहेत म्हणजे सगळे झाले' असे समजू नये.

आमची सूचना अशी : एका रविवारी वही-पेन्सिल घेऊन गाडीभोवती फिरावे. मागच्या चाकाचा नट, चेन ताणायचे नट, ब्रेक रॉडचा नट, बॅटरीचे कव्हर, आरसे, ऑइलचा बोल्ट यांची मापे शेजाऱ्याच्या किंवा मिस्त्रीच्या पान्यांनी पाहून लिहून घ्यावीत. हे काम मुलांकडून करून घेतले तर उत्तमच. मुलगी असो वा मुलगा, मापनाचा हा धडा फळ्यावरच्या धड्यापेक्षा जास्त टिकतो. ही वही घेऊन दुकानात गेलेला माणूस सहसा फसत नाही.

पाने : संख्या नव्हे, पकड

पान्यांचे मुख्य प्रकार तीन. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा. तो बोल्टला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना बोल्टला सगळीकडून वेढतो. आणि गोटी किंवा बॉक्स पाना वरून टोपीसारखा बसतो. त्याला रॅचेटचा दांडा किंवा टी आकाराची मूठ असते.

पहिला नियम असा : घट्ट बसलेला नट सोडवायला आणि शेवटचा आवळा द्यायला रिंग किंवा गोटी वापरावी, उघडा पाना नुसता फिरवण्यासाठी. उघड्या पान्याने जोर लावला की तोंड किंचित फाकते, पाना घसरतो, बोल्टच्या कडा झिजतात आणि बोटे सोलतात. कडा गेलेला बोल्ट काढणे हे नवा बोल्ट घेण्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

म्हणून एका टोकाला उघडे तोंड आणि दुसऱ्या टोकाला त्याच मापाची रिंग असलेले जोड पाने घ्यावेत : ८, १०, १२, १४, १७ आणि १९. सहा नग. त्यांच्या जोडीला ८, १० आणि १२ चे टी पाने असावेत. आपल्याकडच्या कुठल्याही दुचाकी मिस्त्रीच्या हातात सर्वांत जास्त वेळ टी पानाच दिसतो. तो खोल जागेत जातो, झटपट फिरतो, आणि त्याची मूठ आखूड असल्याने बारीक बोल्टवर गरजेपेक्षा जास्त जोर पडत नाही.

गोटीचा संच घ्यायचा झाला तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, गोटी सहा कोनी असावी. बारा कोनी गोटी पटकन बसते, पण बोल्टला कोपऱ्याजवळ धरते. सहा कोनी गोटीचा दाब बाजूवर पडतो आणि झिजलेल्या डोक्यावरही ती टिकते. दुसरे, दांड्याचा चौकोन. तो पाव इंच, तीन अष्टमांश इंच आणि अर्धा इंच असा मिळतो. मोटरसायकलसाठी तीन अष्टमांश, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरचा, सर्वांत सोयीचा. दुकानदार दाखवतो ती ४६ नगांची पेटी बहुधा पाव इंचाची असते. तिच्यातल्या गोट्या ४ ते १४ पर्यंतच असतात आणि उरलेले बरेचसे नग स्क्रूच्या टोकांचे. कव्हर उघडायला ती बरी, पण मागच्या चाकाच्या नटापुढे हात टेकते.

माप कमी-जास्त होणारा स्क्रू पाना घरात असतोच. तो नळासाठी ठेवावा. गाडीवर त्याचे काम एकच : एका टोकाला रिंग लावलेली असताना दुसऱ्या टोकाचा बोल्ट फिरू नये म्हणून धरून ठेवणे, तेही दुसरा पाना नसेल तर.

स्क्रू ड्रायव्हर आणि फुलीचे स्क्रू

स्क्रू ड्रायव्हर दोन पुरतात : एक चपट्या टोकाचा, एक फुलीचा. फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरला क्रमांक असतो. गाडीवरच्या बहुतेक स्क्रूंना क्रमांक २ लागतो, काही मोठ्यांना ३. लहान क्रमांकाचे टोक मोठ्या स्क्रूत घातले की ते आत खेळते आणि फुली खाऊन टाकते. जपानी पद्धतीच्या फुलीची खाच नेहमीच्या फिलिप्स फुलीपेक्षा जरा वेगळी असते, म्हणून इंजिनच्या कव्हरचे जुने स्क्रू सोडवताना टोक वर उचलले जाते. अशा वेळी मनगटाच्या बळाचा उपयोग नसतो. टोक पूर्ण आत बसवून, मुठीवर हातोडीचा हलका ठोका देऊन, दाबून धरत फिरवावे. तरीही सुटला नाही तर मिस्त्रीकडे ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर असतो. ते काम त्याच्यावर सोपवावे.

नव्या गाड्यांत षटकोनी खळग्याचे बोल्टही असतात. त्यांच्यासाठी ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या एलन की ठेवाव्यात. खळग्यात चिखल साचलेला असतो, तो सुईने किंवा टाचणीने काढूनच की घालावी.

हवा, चेन, प्लग : रोजच्या कामाची साधने

आमच्या मते पेटीत पाना येण्याआधी हवा मोजायचे गेज यावे. एवढ्या पैशात एवढे संरक्षण देणारे दुसरे साधन नाही. पेट्रोल पंपावरचे गेज बरोबर असतेच असे नाही, आणि तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. हवा थंड टायरमध्ये, सकाळी गाडी निघण्याआधी मोजायची. पुढच्या आणि मागच्या टायरची हवा वेगळी असते; मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला जास्त लागते. पुस्तिकेत कधी किलोत आकडा असतो आणि गेजवर पौंडांत. एक किलो म्हणजे साधारण १४.२ पौंड, एवढे लक्षात ठेवले की झाले : दोन किलो म्हणजे सुमारे २८. सोबत एक पायपंप असावा. टायर ट्यूबलेस असेल तर पट्टीचा पंक्चर किटही उपयोगी पडतो.

चेनसाठी एक ताठ ब्रश, फडके, चेनचा स्प्रे किंवा पुस्तिकेत सांगितलेले ऑइल, आणि एक साधी फूटपट्टी. फूटपट्टी झोल मोजण्यासाठी. मधोमध चेन बोटाने वर-खाली केली की ती किती हलते तो झोल. अनेक १००-१२५ सीसी गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्यावा. चेनवर पूर्ण कव्हर असेल तर त्याच्या खालच्या बाजूला रबरी बूच असते. ते काढून बोट आत जाते. गंज सोडवायचा पातळ स्प्रे आणि चेनचे तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला साफ करतो, वंगण म्हणून टिकत नाही.

इथे एक कडक सूचना आहे, आणि ती घरातल्या प्रत्येकाने ऐकलेली असावी. चेन साफ करताना इंजिन बंदच हवे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चावी खिशात, आणि चाक हाताने फिरवायचे. वेळ वाचवण्यासाठी गाडी चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडके धरणारे लोक आम्ही पाहिले आहेत. फडके चेनमध्ये गुंतले की बोटे स्प्रॉकेटपर्यंत जायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

प्लगसाठी प्लग पाना लागतो आणि त्याचे माप गाडीप्रमाणे बदलते. बारीक १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला १६ चा पाना, १२ मिलिमीटरच्या प्लगला १८ चा, जुन्या १४ मिलिमीटरच्या प्लगला २१ चा. पान्याच्या आत रबर असेल तर प्लग त्यात अडकून सरळ वर येतो. परत बसवताना पहिले चार-पाच फेरे पान्याविना, बोटांनी द्यावेत. प्लग वाकडा जात असेल तर बोटांना लगेच कळते. पान्याला कळत नाही. प्लगच्या टोकांमधली फट मोजायला पातळ पात्यांचे फिलर गेज मिळते. ते पहिल्या दिवशी लागत नाही, पुढे घेतले तरी चालते.

किती आवळावे?

हा प्रश्न हत्यारांच्या यादीत बसत नाही, पण पेटीची खरी परीक्षा इथेच होते. दाराची कडी बिजागरीपासून लांब का असते, हे आम्ही वर्गात विचारतो. जोर तोच, पण अंतर वाढले की फिरवण्याची ताकद वाढते. यालाच टॉर्क म्हणतात. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १५ किलो वजनाइतका जोर दिला तर नटावर ३ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २९ न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. त्याच पान्यात पाइप घालून लांबी ४० सेंटिमीटर केली की जोर तोच राहूनही टॉर्क दुप्पट होतो.

मोटरसायकलचे इंजिन ॲल्युमिनियमचे असते आणि बोल्ट पोलादाचा. दोघांत भांडण झाले की ॲल्युमिनियम हरते. आमच्या गाडीचा ऑइलचा बोल्ट एकदा एका गॅरेजमध्ये घाईघाईत लांब दांड्याने आवळला गेला. पुढच्या खेपेला तो सुटला तो आटे घेऊनच. बोल्ट स्वस्त होता, पण इंजिनच्या तळाला नवे आटे पाडून आत कॉइल बसवेपर्यंत दोन दिवस गाडी बंद राहिली आणि मुले रिक्षाने शाळेत गेली.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. मागच्या चाकाचा नट किंवा ब्रेकच्या आधारपट्टीचा नट सैल राहिला तर प्रश्न पैशांचा राहत नाही. म्हणून चेन ताणल्यावर चाकाचा नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावा. टॉर्क रेंच हे थोडे महाग हत्यार आहे. ठरवलेल्या आकड्याला ते 'टक्' असा आवाज देते. घेताना त्याची कक्षा पाहावी. मोटारीसाठीचा मोठा रेंच बारीक बोल्टांच्या आकड्यापर्यंत खाली येतच नाही. त्याने नट सोडवू नये, आणि काम झाल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा. रेंच नसेल तर सरळ मार्ग असा : चेनचा झोल घरी काढावा, हाताने नीट आवळावे, आणि गाडी सावकाश मिस्त्रीकडे नेऊन शेवटचा आवळा त्याच्याकडून तपासून घ्यावा. यात कमीपणा काही नाही. ज्या नटाला आरपार पिन असते, तिथे जुनी वाकवलेली पिन पुन्हा न वापरता नवी घालावी. ती चार-दोन रुपयांची असते.

ड्रम ब्रेकची झीज पाहायला तर हत्यारच लागत नाही. अनेक गाड्यांत ब्रेकच्या आर्मजवळ एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण ड्रमवरच्या खुणेला भिडला की शूज बदलायची वेळ झाली. दर महिन्याला हे पाहावे. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा पंपाने कधीही फुंकू नये. ती फुप्फुसात जाते.

विजेसाठी एकच यंत्र

एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी साधारण १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जावा. उभ्या गाडीत तो वारंवार १२.४ च्या खाली राहू लागला तर बॅटरी चार्ज करायला हवी. चालू गाडीतही वाढला नाही तर दोष बॅटरीत नसून चार्जिंगच्या यंत्रणेत असू शकतो. एवढे कळले तरी विनाकारण नवी बॅटरी घेणे टळते. बॅटरी काढताना आधी ऋण तार, बसवताना ती शेवटी. नाहीतर धन टोकावरचा पाना चुकून फ्रेमला टेकला की ठिणगी उडते.

जागा, तेल आणि मुले

'होम गॅरेज' म्हटले की डोळ्यांपुढे वेगळी खोली येते. आपल्याकडे ते ओट्याचा कोपरा, जिन्याखालची जागा किंवा इमारतीच्या पार्किंगमधली एक पट्टी असते. तेवढे पुरते, जमीन मात्र सपाट आणि उजेड भरपूर हवा. डोक्याला बांधायचा टॉर्च घ्यावा, दोन्ही हात मोकळे राहतात. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. भाग धुवायला पेट्रोल वापरू नये, आणि शेजारी शेगडी किंवा अगरबत्ती असता कामा नये.

ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही खूण पाहावी. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, आणि मोटारीचे ऑइल टाकले तर तो घसरू शकतो. काढलेले काळे ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते आणि माती-पाणी नासवते. बाटलीत भरून, बाटलीवर ठळक लिहून, मिस्त्रीकडे द्यावे. त्याच्याकडून ते जुने ऑइल घेणाऱ्याकडे जाते. ही बाटली सरबताची किंवा पाण्याची असू नये. लहान मुलांच्या घरात हा नियम मोडू नये. पेटीला कुलूप असावे आणि किल्ली उंचावर.

कुठे आणि कोणत्या क्रमाने घ्यावे

हत्यारे बनवण्यात पंजाबचे जालंधर आणि राजस्थानचे नागौर ही गावे नावाजलेली आहेत. आपल्या नाशिकलाही हातहत्यारांचा मोठा कारखाना आहे. देशी बनावटीचे चांगले पाने पिढीभर टिकतात. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट आहेच. इतर शहरांत मिस्त्री लोक स्वतः ज्या दुकानातून हत्यारे घेतात, तेच दुकान गाठावे. मुंबईच्या चोर बाजारात जुम्म्याला किंवा गावच्या जुन्या बाजारात वापरलेली हत्यारेही मिळतात. घेताना पान्याचे तोंड फाकलेले नाही ना, रिंगच्या आत कोपरे गोल झालेले नाहीत ना, हे पाहावे. आणि खिशात १० आणि १४ चे दोन चांगले बोल्ट घेऊन जावे. पाना बोल्टवर अलगद बसून हलला नाही तर तो चांगला. 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द तर कशावरही कोरता येतात.

पैसे एकदम घालू नयेत. आमचा क्रम असा :

पहिल्या महिन्यात : हवेचे गेज, पायपंप, चेनचा ब्रश व तेल, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, प्लग पाना, टॉर्च.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत : ८ ते १९ चे सहा जोड पाने, ८-१०-१२ चे टी पाने, तीन एलन की, मल्टिमीटर.

हात बसल्यावर : तीन अष्टमांश इंचाचा रॅचेट आणि सहा कोनी गोट्या, फिलर गेज, ऑइलचा ट्रे व नरसाळे, टॉर्क रेंच. गाडीला मेन स्टँड नसेल तर मागचे चाक उचलणारा पॅडॉक स्टँड.

एखादे हत्यार वर्षातून एकदाच लागत असेल तर ते विकत घेण्याऐवजी दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घ्यावे. टॉर्क रेंच आम्ही गल्लीतल्या तीन घरांत मिळून वापरतो.

मिस्त्रीचे काम मिस्त्रीला

घरी हत्यारे आली म्हणजे कोपऱ्यावरच्या मिस्त्रीची रोजी जाईल का, असे काहींना वाटते. आपल्या मोहल्ल्यांत दुचाकी दुरुस्तीवर कितीतरी घरे चालतात. तिथे मुले भाग धुण्यापासून सुरुवात करतात आणि उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकतात. त्यांच्या कानाला जे ऐकू येते, ते आपल्या पेटीतल्या कुठल्याही गेजला कळत नाही. हवा भरून आणि चेनला तेल देऊन आपण त्यांच्या पोटावर पाय देत नाही. उलट 'गाडी काहीतरी आवाज करते' असे मोघम सांगण्याऐवजी 'तिसऱ्या गिअरला, चढावर, उजव्या बाजूने आवाज येतो. चेन आणि प्लग आम्ही पाहिले आहेत' असे सांगणारे गिऱ्हाईक त्यांनाही हवे असते. त्यांच्या कामाला लागणाऱ्या कौशल्याची थोडी कल्पना आली की मजुरीवरून घासाघीस करण्याची इच्छाही कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

आणि ही पेटी एकट्या अब्बूंची नसावी. हवा मोजणे आणि चेनचा झोल पाहणे घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला यायला हवे. आमच्या घरी हवेची नोंदवही नववीतली मुलगी ठेवते. मागच्या टायरची हवा दर आठवड्याला थोडी उतरते आहे, हे तिच्याच आकड्यांवरून लक्षात आले. पाहिले तर व्हॉल्व्हजवळून बारीक गळती होती. ती वेळीच कळली, म्हणून रस्त्यात चाक बसले नाही.

तेव्हा पेटी पूर्ण भरण्याची वाट पाहू नये. या आठवड्यात फक्त एक गेज आणावे. रविवारी सकाळी गाडी काढण्याआधी दोन्ही टायरची हवा मोजावी, पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावी आणि तारखेसह वहीत लिहावी. पुढचे कोणते हत्यार लागणार आहे, ते ती वहीच हळूहळू सांगू लागेल.